मास्तरांच्या कोटाचं अस्तर

सव्वीस तास

कोट उघडला आणि आत काहीच निघालं नाही.

सभागृहात चारशे माणसं उभी होती, सगळी राखाडी कोटांत. काचेच्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं, काचेला ओरखडा नव्हता. कोट बाहेर काढला, टेबलावर पालथा घातला, खालची दुमड उलटली, आणि पहिल्या रांगेला दिसलं की अस्तर आधीच कोणीतरी उसवून ठेवलंय. नावाचं ठिगळ नाही. दोऱ्याचं टोकसुद्धा नाही. मग कोणीतरी घाईघाईने कोटावर चादर टाकली, जणू कोटच वारला होता.

मोठ्या मास्तरांना जाऊन महिना झाला होता. चांगले हिंडते-फिरते असतानाच ते सांगून मोकळे झाले होते, की माझ्यामागे मंडळी कोणी सांभाळायची त्याचं नाव मी माझ्या कोटाच्या अस्तरात शिवलंय. मी गेल्यावर महिन्याने उघडा, तोवर रडून घ्या.

कपाटाची किल्ली एकाच गळ्यात असायची. सहा वर्षं मास्तरांचं सगळं करणाऱ्या बाईच्या.

हे सारं त्या बाईनेच दुपारी दोन वाजता फोनवर आपल्या मावशीला सांगितलं. मावशीचं अल्टरचं दुकान होतं, लोकांच्या वाढत्या पोटांवर चालणारं. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून ती एका पँटची कंबर उसवत होती.

"मग चोर कोण म्हणतायत?"

"मी."

"आणि?"

"उद्या चार वाजता मला उसवणार आहेत, मावशी."

मावशीच्या हातातलं ब्लेड थांबलं. बहीण गेली तेव्हा ही पोर तीन वर्षांची होती. शिलाई मशीनखाली रिकाम्या रिळांशी खेळत वाढली म्हणून रिळी. आणि शिवणकाम पक्कं व्हावं म्हणून तिला मास्तरांकडे धाडणारी मावशीच होती. आगीत ढकलताना माणूस नेहमी म्हणतो, तिकडे ऊब आहे.

मंडळींच्या छापील पुस्तिकेतून, पान नऊ

उसवणी सर्वांसमोर व्हावी. ज्याला उसवायचं त्याच्या कॉलरमागचे तीन टाके काढावेत.

टाके काढणारा हात त्याच्या घरचाच असावा.

शेवटचा टाका निघाला की सर्वांनी पाठ फिरवावी. त्यानंतर त्या माणसाचं नाव घेऊ नये, त्याच्या हाकेला ओ देऊ नये. नवरा, बायको, आई, मूल यांना सूट नाही.

(शेवटच्या ओळीतल्या "मूल" या शब्दाखाली कोणीतरी नखाने रेघ ओढली होती. रिळीची मुलगी आठ वर्षांची होती आणि जन्मल्यापासून मंडळींत होती.)

तेवीस तास

ही मंडळी कशी झाली ते मावशीने डोळ्यांनी पाहिलेलं.

तीस वर्षांपूर्वी मास्तर एका कपड्यांच्या कारखान्यात कटर होते आणि मावशी शेजारच्या मशीनवर. माप घेताना मास्तरांची एक सवय होती. टेप गळ्यात टाकून ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हात सोडा. श्वास सोडा. पोट आत ओढू नका, इथे कोणी बघत नाही. आहात तेवढेच राहा." एकदा एक साहेब हे ऐकून ढसाढसा रडला. मग त्याने बायकोला आणलं, तीही रडली. वर्षभरात अशी माणसं यायला लागली ज्यांना कपडे नकोच होते, नुसतं माप हवं होतं. पुढे राखाडी कोट आले, सभागृह आलं, पुस्तिका आली. मंडळींत येणाऱ्याचं माप मास्तर घ्यायचे आणि त्याच्या कॉलरच्या मागे स्वतःच्या हाताने तीन टाके घालायचे. ते टाके म्हणजे त्या माणसाचं घर.

"तुम्ही का नाही येत?" मास्तरांनी एकदा विचारलं होतं.

"माझं माप मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली होती. "दरवर्षी वाढतं."

आता संध्याकाळी पाच वाजता ती मंडळींच्या फाटकात उभी होती. फाटकावरच्या मुलीने तिला कोट नाही म्हणून अडवलं. मास्तरांचा मुलगा आतून आला आणि म्हणाला, "सोड त्यांना. मावशींनी मला मिसरूड फुटताना पाहिलंय." त्याला सगळे धाकटे मास्तर म्हणत, वय वर्षं पन्नास.

"मला कोट बघू दे," मावशी म्हणाली.

"कशाला?"

"तुमच्यापैकी कोणी बघितला का तो? नीट?"

त्याने खांदे उडवले. कटिंगच्या खोलीत लांब टेबलावर चादरीखाली कोट होता. मावशीने चष्मा लावला, चादर काढली आणि कोट वासरासारखा चाचपला. कॉलरला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. खालची दुमड सगळी मोकळी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कापडाला कुठे काप नव्हता. मग तिने हात बाहीत घातला.

बाहीचं अस्तरही सुटं होतं. दुसऱ्या बाहीचंही. काखेतल्या मुंढ्याची शिवण उसवलेली, आतल्या खिशाची पट्टी उसवलेली. आणि सगळ्या उसवलेल्या कडा तळहातासारख्या सपाट.

नाव दुमडीत होतं म्हणतात. मग बाह्या कोणी आणि कशाला उसवल्या?

बावीस तास

"डॉक्टरने," धाकटे मास्तर म्हणाले. "दुसरं कोण? बाबांच्या गादीवर डोळा आहे त्याचा. नाव माझं होतं. त्याला ते माहीत होतं."

"तुला कसं माहीत, नाव तुझं होतं?"

"बाप होता माझा."

"बाप होता म्हणून तुला कारखान्यातून दोनदा घरी पाठवला होता. बाह्या उलट्या लावायचास."

तो हसला. त्याच्या हसण्यात बापाचं थोडंसं काही होतं आणि ते बघून मावशीलाच वाईट वाटलं. त्याने चहा मागवला. खोलीत दोन खुर्च्या होत्या. भिंतीवर मास्तरांचा फोटो होता, गळ्यात टेप.

"रिळीने चोरलं असं वाटतं तुला?"

"किल्ली तिच्याकडे. आणि डॉक्टरने तिला पढवलं असणार. नाहीतर एवढी मेहनत कोण करेल? दुमड उसवली ते उसवली, वर दोन्ही बाह्यांचं अस्तरसुद्धा…"

तो थांबला नाही, पुढे बोलत राहिला. मावशी चहा पीत राहिली. चहा संपल्यावर म्हणाली, "आज सकाळी दुमड उलटली आणि लगेच चादर टाकली, असं रिळी सांगते. चादर मी काढली मघाशी. तू दारात उभा होतास, पाठ करून, फोनवर. तू बाह्यांच्या आत कधी पाहिलंस रे?"

धाकट्या मास्तरांनी कप बशीत ठेवला.

"कुलपाला मुळात दोन किल्ल्या होत्या," तो म्हणाला. "बाबा गेले त्याच्या दुसऱ्या रात्री मी कपाट उघडलं. शपथ घेऊन सांगतो, मावशी. तेव्हाच तो उसवलेला होता."

एकवीस तास. डॉक्टरांची फक्त उत्तरं

"या, बसा. हो, दाताचाच डॉक्टर. लोक डॉक्टर म्हणतात, मी काय नको म्हणू? तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बघून काढली, मग मास्तरांनी माझं माप घेतलं आणि दवाखाना बंद केला."

"नाव माझंच होतं. माझं म्हणजे, कामाला लायक माणसाचं. पोरगा गुंड्या लावू शकत नाही नीट, मंडळी काय सांभाळणार?"

"तुमच्या भाचीबद्दल मला वाईट वाटतं. खरंच. पण किल्ली तिची."

"लवंगेचं तेल? असतं माझ्या खिशात. दाढ दुखते माझीच. चांभाराच्या पायात फाटकी चप्पल."

"कोटाला? कोटाला कसा येईल वास?"

"थांबा, दार लावून घेतो."

"बरं. लपवून काय करू, तुमचं नाक चांगलं आहे. मागच्या वर्षी तिची दाढ सुजली होती. मीच बघितली. खुर्चीवर बसवलं, म्हटलं गळ्यातलं काढून ठेव. दाताचा साचा घ्यायचा मसाला असतो, त्यात किल्ली दाबायला किती वेळ लागतो? वाईट हेतू नव्हता. धाकटा काही करेल म्हणून खबरदारी."

"मास्तर गेल्यावर तिसऱ्या दिवशी उघडलं. आधीच उसवलेला होता. मला वाटलं, धाकट्याने."

"नाही सांगितलं. काय सांगणार? कपाट कसं उघडलंत, हा पहिला प्रश्न आला असता."

"कोट कपाटात कधी गेला? दोन वर्षांपूर्वी. मास्तरांनी मौन धरलं ना, त्याच दिवशी. तुमच्या भाचीने इस्त्री करून आणला, सगळ्यांसमोर टांगला, कुलूप लावलं. मग मास्तर बोलले नाहीत, कोणाला भेटलेही नाहीत. खिडकीत बसायचे, आम्ही लांबून बघायचो. नव्या लोकांचे कोट आत पाठवायचो, ते टाके घालून बाहेर यायचे. तीनशे चाळीस लोक आले त्या दोन वर्षांत. मौनाची ताकद."

"चार वाजता, हो. तुम्ही आलात तर उत्तम. तिला सोडायला कोणीतरी लागेलच."

आठ तास

सकाळी आठला मावशी पुन्हा फाटकात आली. रात्रभर तिच्या डोक्यात तीन किल्ल्या वाजत होत्या. तिघांकडे किल्ली, तिघांनाही कपाट उघडता यावं, आणि दोघं शपथेवर सांगतात की कोट आधीच उसवलेला. चोर घरात शिरावा आणि आधीच्या चोराला भेटावा, तसं.

फाटकावर कालचीच मुलगी होती. तिच्या कोटाची कॉलर एका बाजूने सुटली होती.

"इकडे ये," मावशी म्हणाली. "अशी काय उभी राहतेस? भिकाऱ्याचीही कॉलर बरी असते."

"तुम्ही मंडळींतल्या नाही, तुम्ही हात लावू नये."

"मी कॉलरला लावते, तुला नाही."

मुलगी हसली आणि वळून उभी राहिली. मावशीने नेहमीसारखी सुई काढली, दोरा ओवला, कॉलर उलटली. आणि कॉलरच्या मागचे तीन टाके तिच्या समोर आले.

"तू कधी आलीस मंडळींत?"

"मागच्या वर्षी. मास्तरांचे टाके आहेत ते. हळू हं."

टाके डावीकडे कललेले होते. बरोबर होतं, मास्तर डावखुरे. पण मास्तर दोऱ्याला गाठ मारायचे, बोटाला थुंकी लावून गुंडाळी करून, कारखान्यातल्या सगळ्यांसारखी. इथे गाठ नव्हती. पहिल्या टाक्याच्या पोटात, बोटाच्या नखाने शोधले तर सापडतील असे दोन बारीक उलटे टाके होते, एकावर एक. गाठ टोचते म्हणून दोरा असा अडकवायचा, ही खोड मावशीची स्वतःची होती. ती तिला तिच्या आईकडून आली होती आणि तिने ती एकाच मुलीला शिकवली होती.

"काय झालं?" मुलीने मान न वळवता विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "छान आहेत टाके."

सात तास

रिळीला कपड्यांच्या कोठीत ठेवलं होतं. दाराला कडी नव्हती. रिळी पळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. ती राखाडी कोटांच्या गठ्ठ्यावर बसून एका कोटाचं बटण लावत होती.

"हे काय करतेस?"

"चार वाजेपर्यंत मी मंडळींतलीच आहे ना."

मावशी तिच्या शेजारी बसली. रिळीच्या लहानपणापासून दोघी अशाच बसायच्या, खांद्याला खांदा, समोर बघत. महत्त्वाचं बोलणं समोर बघूनच होतं.

"मास्तरांना कधीपासून काही कळेनासं झालं?" मावशीने विचारलं.

रिळीने दोरा दाताने तोडला.

"आधी नावं गेली. मग जेवलो का ते गेलं. मग एक दिवस मला म्हणाले, बाई, हा टेप कशाला असतो? त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, मास्तरांनी मौन धरलंय."

"आणि कोट?"

"हात विसरले नाहीत ना, मावशी. हातांना काम लागायचं. शिवता यायचं नाही, पण उसवता यायचं. उशा उसवल्या, पडदे उसवले. काही कापायचे नाहीत, फाडायचे नाहीत, टाका न् टाका काढायचे, किती शांत व्हायचे त्याने. एका दुपारी मी आंघोळ करून आले तर मांडीवर कोट होता. सगळा मोकळा. ठिगळ हातात होतं आणि त्याच्यावरची अक्षरंसुद्धा उसवत होते. शेवटचं अक्षर राहिलं होतं. मी बघेपर्यंत तेही गेलं."

"ठिगळ आहे?"

तिने कोटाच्या आतून काढून दिलं. चार बोटांचं पांढरं कापड. मावशीने ते खिडकीकडे धरलं, तिरकं केलं, ओलं बोट फिरवून पाहिलं. कधीकाळी तिथे सुई गेली होती एवढं दिसत होतं. पण कापड धुतलेलं होतं, इस्त्री झालेलं होतं, भोकं मिटून गेली होती. नाव आखूड होतं, इतकंच. धाकट्या मास्तरांचं नाव आखूड होतं. डॉक्टरांचंही.

"हे दाखव ना सगळ्यांना."

"म्हणतील हिनेच कोरं कापड आणलं. आणि नाव भरलेलं दाखवलं असतं, तर म्हणाले असते हिनेच भरलं."

"मग खरं सांग. म्हातारा विसरला होता, त्यानेच उसवलं. यात तुझी चोरी कुठे आली?"

आता रिळीने तिच्याकडे पाहिलं.

"आणि टाके कोणी घातले, मावशी? तीनशे चाळीस? लोक रांगा लावून कोट पाठवत होते. एकेकजण किती लांबून यायचा, घरच्यांना सोडून. मी काय सांगू त्यांना? मास्तरांचा हात बघून बघून मी कल बरोबर आणला." तिचा आवाज अगदी साधा होता, हिशोब सांगावा तसा. "चोर म्हणून गेले तर मी एकटी जाईन. खरं सांगितलं तर त्या सगळ्यांना घेऊन जाईन. उसवणी दोन्हीकडे आहेच. पोर दोन्हीकडे जातेच हातची."

"कोर्टात जाऊ."

"कोर्ट पोर हातात देईल कदाचित, चार वर्षांनी. तिने फिरवलेलं तोंड कोण वळवणार?" तिने ठिगळ परत घेतलं. "कोटाचं बोलू नकोस, मावशी. कोट ओढलास की टाके निघतील."

मावशी उठली. तिच्या मनात आलं, चाळीस वर्षं उसवतेय मी. शेजारच्या शिवणीला धक्का न लावता एक दोरा काढता येतो मला.

पाच तास

कटिंगच्या लांब टेबलाच्या एका टोकाला धाकटे मास्तर बसले, दुसऱ्या टोकाला डॉक्टर. सभागृह सोडलं तर महिनाभर दोघं एका खोलीत आले नव्हते. मध्ये कोट होता आणि कोटामागे मावशी, गळ्यात टेप.

"तुम्हा दोघांनाच सांगते," ती म्हणाली. "बाहेर कोणाला नाही. ऐका आणि तिला सोडा."

तिने दुमड उलटली.

"चोराला ठिगळ हवं होतं. ठिगळ दुमडीत. चोर चार बोटं उसवेल, दोन बोटं घालेल, पळेल. इथे सगळा कोट उसवलाय. बाह्या, मुंढे, खिसा. तीन तासांचं काम, आणि कापडाला एक ओरखडा नाही. ज्याने हे केलं त्याला काही शोधायचंच नव्हतं. त्याला नुसतं उसवायचं होतं."

डॉक्टर पुढे झुकले.

"आता हात लावून बघा. उसवलेली कड अशी सपाट राहत नाही, ती वळते, दोऱ्याची भोकं उघडी दिसतात. ही बसलीय. हिच्यावरून उसवल्यानंतर इस्त्री फिरलीय. काचेच्या कपाटात इस्त्री कुठून आली? म्हणजे कोट कपाटात जाण्याआधीच उसवलेला होता. दोन वर्षांपूर्वी. तुम्ही दोघांनी चोरून कपाट उघडलंत, दोघांनीही उसवलेलाच पाहिलात. तू खरं बोललास. डॉक्टर, तुम्हीही. पहिल्यांदाच, बहुधा."

"मग कोणी?" धाकटे मास्तर म्हणाले. पण ते कोटाकडे बघत नव्हते, फोटोकडे बघत होते.

"तुला माहीत आहे. इतकी नीट उसवण कोणाची, हे या घरात तुला सोडून कोणाला कळेल? हातांना आठवत होतं, डोक्याला नाही. तुझा बाप तुला शेवटी काय म्हणून हाक मारायचा?"

धाकटे मास्तर उठून फोटोपाशी गेले.

"साहेब," धाकटे मास्तर म्हणाले. "मला म्हणायचा, साहेब, उद्या या, कपडे तयार नाहीत."

मावशीला वाटलं, सुटली. रिळी सुटली. तिने टेप गळ्यातून काढला आणि गुंडाळायला घेतला.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. तीस वर्षं दुखरा दात नेमका शोधलेला माणूस. "दोन वर्षांपूर्वी त्यांचं सगळं गेलं होतं, असं तुम्ही म्हणता. मौन नव्हतंच. मग दोन वर्षं टाके कोणी घातले?"

मावशी टेप गुंडाळत राहिली. तिने एकच दोरा ओढला होता. जवळजवळ सगळं सभागृह हातात आलं होतं.

पाच तास, अजूनही

कोणी ओरडलं नाही. तेच वाईट होतं.

"हे बाहेर जाता कामा नये," धाकटे मास्तर म्हणाले.

"अर्थातच," डॉक्टर म्हणाले.

"चोर असेल तर नाव होतं. नाव होतं तर बाबा शुद्धीवर होते."

"आणि नाव कोणाचं, यावर आपलं भांडण चालू राहील. सावकाश. सभ्यपणे. दोन सभागृहं करू, हवं तर."

"उसवणी ठरल्याप्रमाणे?"

"ठरल्याप्रमाणे."

महिन्याभरात दोघांचं समोरासमोर बसून एकमत झालेली ही पहिली गोष्ट होती. त्यांना स्वतःलाही त्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं. धाकट्या मास्तरांनी डॉक्टरांना पाण्याचा पेला सरकवला.

"मी चार वाजता सगळ्यांसमोर सांगेन," मावशी म्हणाली.

"सांगा," डॉक्टर मवाळपणे म्हणाले. "तिची चोरी खोटी ठरेल आणि टाक्यांचा खोटेपणा खरा ठरेल. चोरीला आम्ही नुसती पाठ फिरवतो. त्या तीनशे चाळीस लोकांनी काय करावं, हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही. लोक काय काय करतात हो, घर पाडल्यावर. तिच्या मुलीला त्याच सभागृहात राहायचंय."

"तिला नेते मी."

"तिचा बाप इथे आहे. तो आमच्यापेक्षा पक्का आहे."

हे खरं होतं. रिळीच्या नवऱ्याला मावशी सकाळी भेटली होती. जावई मान खाली घालून कोट मोजत होता. "मावशी, तुम्ही जेवून घ्या," एवढंच म्हणाला होता. चांगला माणूस होता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

दोन तास

"बोललीस ना," रिळी म्हणाली.

"बोलले."

"मग आता?"

"आता काही नाही."

रिळीने मान हलवली. रागावली नाही. मावशीला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, पोरीच्या बाबांना टाके नीट काढता येत नाहीत. कॉलर फाडतील. तू काढशील? घरचा हात तुझाही आहे."

"वेडी आहेस का?"

"दुसऱ्या कोणाचा नको मला."

चार

सभागृहात पंख्यांचा आवाज होता. चारशे राखाडी कोट रांगेत उभे, पुढे मुलं. रिळीची मुलगी तिसरी, दोन वेण्या, बापाचा हात धरून.

धाकट्या मास्तरांनी चोरीचं वाचून दाखवलं. डॉक्टरांनी त्यात एक वाक्य जोडलं. फाटकावरची मुलगी रडत होती, कॉलरला हात लावून. रिळीला चोरी कबूल आहे का, असं विचारलं तेव्हा ती हो म्हणाली, इतक्या स्पष्टपणे की मागच्या रांगेतलाही एकजण दचकला.

मग ती मावशीकडे पाठ करून स्टुलावर बसली.

मावशीने चारशे माणसांकडे पाहिलं. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं, सकाळपासून होतं, त्यात चूक कुठेच नव्हती. तिने रिळीची कॉलर उलटली. इथे टाके मास्तरांचे होते, खरे, जाड गाठीचे. तिने सुईच्या टोकाने पहिला टाका उचलला. ती जितकं सावकाश करता येईल तितकं सावकाश करत होती. तीन टाक्यांना तिने पंधरा मिनिटं लावली. कोणी घाई केली नाही. दुसरा टाका निघाला तेव्हा रिळी हळूच म्हणाली, "टोचत होती ती गाठ. बारा वर्षं."

तिसरा निघाला.

चारशे माणसांनी पाठ फिरवली. बुटांचा एकच आवाज झाला. फिरताना डावा पाय आधी टाकायचा असतो. मुलांकडून हे घोटून घेतलेलं असतं. तिसऱ्या मुलीने गडबडीत उजवा टाकला. ती फिरली, तिच्या लक्षात आलं, ती थांबली. मग ती परत वळली, आईकडे सरळ तोंड करून क्षणभर उभी राहिली, पाय जुळवले, आणि डावा पाय आधी टाकून पुन्हा नीट फिरली.

"मीच शिकवलंय तिला," रिळी म्हणाली. आता तिचं बोलणं मावशीशिवाय कोणाला ऐकू जात नव्हतं. "आधी तिला जमायचं नाही."

मावशीने तिला दंडाला धरून उठवलं. दारापर्यंत जायला रांगांच्या मधून वाट होती, आणि दोन्ही बाजूंना नुसत्या पाठी होत्या.